नियमाची किंमत कोणी द्यावयाची?

नियम सर्वांना सारखा असला की न्याय झाला, अशी आपली एक ठाम समजूत असते. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची हयात नियम लिहिण्यात, ते अमलात आणण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात चाललेली आहे. त्यांना ही समजूत विशेष प्रिय असावी हे स्वाभाविकच होय. परमुलखात, जेथे आपल्या नात्यागोत्याचे कोणी नाही आणि आपणही कोणाचे नाही, तेथे अधिकाऱ्याला मनाचा आधार असतो तो एवढ्या एका गोष्टीचा : मी तोंड पाहून निर्णय दिला नाही, नियम पाहून दिला. हा आधार खोटा आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु तो पुरेसा आहे काय? नियम एकच, शब्दही तेच. पण तो पाळण्याची किंमत एकाला रुपयाएवढी आणि दुसऱ्याला घरादाराएवढी पडत असेल, तर त्या नियमाला समान म्हणावयाचे कोणत्या अर्थाने?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी जे क्षेत्र निवडले आहे, त्याचे नाव काढताच काही वाचक गालांतल्या गालांत हसतील. ते क्षेत्र म्हणजे मोटारींच्या शर्यती, आणि त्यांतही सर्वांत वरच्या पायरीची 'फॉर्म्युला वन' ही शर्यत. निवडीला कारण आहे. राज्यकारभारातील एखाद्या नियमाचे बरेवाईट फळ हाती येण्यास कधी कधी एक पिढी जावी लागते. आणि तोपर्यंत इतकी कारणे एकमेकांत मिसळून गेलेली असतात की, कोणत्या बीजाचे हे झाड हे सांगता येत नाही. शर्यतीच्या मैदानावर तसे नाही. तेथे नियम बदलला की वर्षभरात कोण तरला आणि कोण बुडाला हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून समोर येते. शिवाय 'फॉर्म्युला' या शब्दाचा तेथील अर्थच मुळी नियमसंहिता असा आहे. ज्या खेळाने आपल्या नावातच नियम धारण केला, तो नियमाच्या तत्त्वचर्चेला अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

या शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद १९५० साली सुरू झाले. पॅरिस येथे १९०४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाकडे, म्हणजे एफ.आय.ए.कडे, त्याची नियमावली असते. शर्यतीत उतरणारा संघ आपली गाडी आपण घडवितो. पण गाडीचे हृदय जे एंजिन, ते त्याने कोठून आणावे? येथे तीन मार्ग संभवतात. पहिला, स्वतःच एंजिन बनवावे. फेरारीने प्रारंभापासून हेच केले. दुसरा, मोटारींच्या एखाद्या बड्या कारखानदाराकडून ते घ्यावे. हा कारखानदार बहुधा स्वतःच्याच संघासह त्याच शर्यतीत उतरलेला असतो. आणि तिसरा, ज्याचा धंदाच एंजिन बनवून विकण्याचा आहे आणि जो स्वतः शर्यतीत भाग घेत नाही, अशा स्वतंत्र कारागिराकडून ते विकत घ्यावे. या लेखाचा विषय हा तिसरा मनुष्य आहे.

त्याची पहिली मोठी कथा इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातील आहे. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स नावाची कंपनी आगीच्या बंबांसाठी हलकी एंजिने तयार करीत असे. दोन-चार माणसांनी उचलून नेता यावे असा बंब हवा, म्हणून एंजिन हलके. आणि पाणी जोराने फेकावे म्हणून ते जोमदार. हलके आणि जोमदार हे दोन्ही गुण शर्यतीच्या गाडीलाही हवेच होते. या एंजिनांचे पुढचे अवतार कूपर, लोटस अशा लहान लहान संघांनी आपल्या गाड्यांत बसविले. १९५९ व १९६० या लागोपाठ दोन वर्षी जॅक ब्रॅबम याने कूपर-क्लायमॅक्सच्या साहाय्याने अजिंक्यपद मिळविले, आणि १९६३ व १९६५ साली जिम क्लार्कने लोटस-क्लायमॅक्समधून. आगीच्या बंबाचा कारखाना आणि गल्लीतील गॅरेज यांनी मिळून मारानेल्लोच्या सरदारी घराण्याला हरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि मग नियम बदलला. १९६१ पासून एंजिनाचे घनफळ दीड लिटर होते, ते १९६६ पासून तीन लिटर करण्यात आले. हा बदल कोणाविरुद्ध केलेला नव्हता. अधिक सामर्थ्याच्या गाड्या हव्यात ही त्यामागील इच्छा सरळ होती. पण नव्या मापाचे एंजिन मुळापासून घडविण्याचा खर्च झेपण्याजोगा नाही असे पाहून क्लायमॅक्सने १९६५ अखेर या क्षेत्रातून निवृत्ती पत्करली. मोठ्या कारखानदाराच्या दृष्टीने जो एका ओळीचा बदल, तो छोट्याच्या दृष्टीने मृत्युलेख ठरला. येथवर ऐकून वाचक म्हणतील, 'बळी तो कान पिळी' हाच न्याय पुन्हा एकदा सिद्ध झाला. परंतु कथा येथे संपत नाही. ती संपली असती तर विचार करण्याजोगे फारसे काही उरलेच नसते.

क्लायमॅक्स गेली त्याच घटकेला दुसरे दोघे उभे राहिले. ऑस्ट्रेलियातील रेप्को या कंपनीने ब्रॅबमला तीन लिटरचे साधे, विश्वासू एंजिन करून दिले, आणि त्याच्या संघाने १९६६ व १९६७ ही दोन्ही वर्षे जिंकली. दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा, म्हणजे कॉसवर्थ. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनी १९५८ साली आपापल्या आडनावांचे तुकडे जोडून हे नाव तयार केले होते. लोटसच्या कॉलिन चॅपमनने खटपट केली, फोर्ड कंपनीने एक लक्ष पौंड दिले, आणि डकवर्थने 'डी.एफ.व्ही.' हे एंजिन घडविले. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे ते प्रथम मैदानात उतरले, आणि जिम क्लार्कने ती पहिलीच शर्यत जिंकली.

यानंतर जे घडले त्याला मी या क्रीडेच्या इतिहासातील खरा नैतिक क्षण समजतो. करारान्वये हे एंजिन तेव्हा केवळ लोटससाठीच होते. ते इतरांच्या इतके पुढे होते की, ते लोटसकडेच राहिले असते तर बाकीच्यांनी गाड्या आणणे हा केवळ उपचार ठरला असता. फोर्डचे वॉल्टर हेस यांनी हे ओळखले. स्पर्धाच उरली नाही तर विजयाला अर्थ कसला, हा विचार त्यांच्या मनात व्यापारी हिशेबाने आला की खिलाडूवृत्तीने, याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. सत्कृत्याची कारणे नेहमी शंभर नंबरी असावीत असा हट्ट नीतिशास्त्रानेही धरू नये. त्यांनी चॅपमनला राजी केले, आणि १९६८ पासून हे एंजिन इतरांनाही मिळू लागले. ज्याच्याजवळ पैसे असतील त्याने कॉसवर्थकडे जावे, एंजिन घ्यावे, ह्यूलंड यांच्याकडून गिअरपेटी घ्यावी आणि आपल्या बुद्धीप्रमाणे गाडी बांधावी. केन टिरेल हा मूळचा लाकडाचा व्यापारी. त्याच्या संघाने जॅकी स्ट्युअर्टला घेऊन फेरारीशी बरोबरीने झुंज दिली ती या एंजिनाच्या बळावर. मॅक्लारेन आणि विल्यम्स ही आज दबदबा असलेली घराणी पहिल्यांदा अजिंक्य ठरली तीही याच एंजिनावर. १९६७ ते १९८३ या काळात या एंजिनाने व त्याच्या सुधारित आवृत्तीने मिळून १५५ शर्यती जिंकल्या.

येथे क्षणभर थांबून विचारले पाहिजे की, या स्वतंत्र कारागिराचे नैतिक वैशिष्ट्य नेमके कशात आहे? तो इतरांहून अधिक सज्जन असतो काय? तसे मानण्यास आधार नाही. त्याचे वैशिष्ट्य त्याच्या स्वभावात नसून त्याच्या स्थितीत आहे. गावच्या पिठाच्या गिरणीवाल्याचे उदाहरण घ्या. सर्वांचे दळण त्याच्याकडे येते, आणि प्रत्येकाचे पीठ चांगले निघावे यातच त्याचे हित असते. कारण तो स्वतः भाकरी विकण्याच्या धंद्यात नाही. त्याने एकदा का शेजारी खानावळ काढली की, मनुष्य तोच राहील, जातेही तेच राहील, पण दुसऱ्या खानावळवाल्याच्या मनात पाल चुकचुकल्यावाचून राहणार नाही. त्याचे पीठ खरोखर जाडेभरडे निघो वा न निघो, त्याची झोप तर गेलीच. निःपक्षपात हा केवळ अंतःकरणाचा गुण आहे असे आपण समजतो. वास्तविक तो पुष्कळ अंशी जागेचा गुण असतो. मनुष्याला अशा जागी उभे करावे की, तेथून सरळ वागणे हेच त्याला सोयीचे व्हावे. शहाण्या व्यवस्थेचे लक्षण यापेक्षा वेगळे नाही.

अर्थात् स्वातंत्र्य ही सापेक्ष गोष्ट आहे, हे येथेच सांगितले पाहिजे. कॉसवर्थच्या मागे फोर्डचा पैसा होता, आणि पुढे काही वर्षे तर ती कंपनीच फोर्डच्या मालकीची होती. शिवाय या सुवर्णयुगालाही एक दुसरी बाजू होती : १९६९ आणि १९७३ या वर्षांतील अजिंक्यपदाची एकूण एक शर्यत याच एका एंजिनाने जिंकली. सर्वांच्या हाती तीच तलवार आली की तलवारीच्या कलेत प्रगती व्हावयाची कशी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सकडून आले. तीन लिटरच्या नियमातच, साध्या तीन लिटरऐवजी हवा दाबून भरणारे दीड लिटरचे एंजिनही चालेल, असा एक पर्याय होता. अकरा वर्षे ते कलम जवळजवळ मृतवत् पडून होते. १९७७ साली रेनॉने टर्बो बसविलेले एंजिन आणले. प्रारंभी ते वाफा सोडीत वारंवार बंद पडे, आणि लोक त्याला चहाच्या किटलीची उपमा देत. १९७९ साली दिजाँ येथे त्याच किटलीने फ्रान्सची शर्यत जिंकली. पुढील काही वर्षांत फेरारी, बी.एम.डब्ल्यू., होंडा या साऱ्यांनी हाच मार्ग धरला, आणि कॉसवर्थचे जुने एंजिन मागे पडले. ब्रायन हार्ट याच्यासारख्या एकट्या कारागिराने स्वतःचे टर्बो एंजिन बनवून झुंज दिली खरी. पण तोफखान्यासमोर दांडपट्टा किती वेळ टिकणार? शेवटी टर्बोची शक्ती आवरेनाशी झाली, तेव्हा १९८९ पासून त्यावर संपूर्ण बंदी घालण्यात आली. बंदी येताच जड, हार्ट, इल्मॉर अशी स्वतंत्र नावे पुन्हा दिसू लागली. म्हणजे हा कारागीर काळाच्या ओघात आपोआप नामशेष होणारा प्राणी नव्हे. नियमाचे पाणी जसे वाढते वा ओसरते, तसा तो बुडतो वा वर येतो. त्याचे अस्तित्व हा निसर्गाचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. २००६ साली एंजिने तीन लिटरच्या दहा सिलिंडरांवरून २.४ लिटरच्या आठ सिलिंडरांवर आणली गेली. मिनार्डी या इटलीतील गरीब संघाला नवे एंजिन परवडणार नाही, हे ओळखून महासंघाने एक सवलत ठेवली होती : जुनेच कॉसवर्थ एंजिन वापरावे, मात्र त्याचा वेग व हवेचा पुरवठा यांवर बंधन घालून घ्यावे. हेतू दयेचा होता. पण सवलत अमलात येण्यापूर्वीच तो संघ रेड बुल या धनाढ्य पेयकंपनीने विकत घेतला, त्याचे नाव तोरो रोसो झाले, आणि गरिबासाठी शिजविलेला भात श्रीमंताच्या पंगतीत वाढला गेला. इतर लहान संघांनी तक्रार केली, ती समजण्याजोगी होती. दया जेव्हा नियमात अपवाद म्हणून शिरते तेव्हा तिला असे पाय फुटतात, हे आपल्याकडील अनेक योजनांचा अनुभव असलेल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

२०१० साली लहान संघांना पुन्हा आमंत्रण देण्यात आले. खर्चावर चार कोटी पौंडांची मर्यादा घालू, असे आश्वासन होते, आणि त्यांच्यासाठी कॉसवर्थचे एंजिन तयार होते. नवे संघ आले. पण बड्या संघांच्या विरोधामुळे खर्चाची मर्यादा मात्र आली नाही. ज्या अटीवर पाहुणे जेवावयास बसले ती अटच पानावरून उचलली गेली. या कथेशी आपल्या देशाचाही धागा जुळलेला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नॉइडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या वेळी दिल्लीत नोकरीस असलेल्या काही वाचकांनी ती प्रत्यक्ष पाहिलीही असेल. तीत धावलेला एकमेव भारतीय चालक नारायण कार्तिकेयन हा एच.आर.टी. या स्पॅनिश संघाच्या गाडीत होता, आणि त्या गाडीत एंजिन होते ते कॉसवर्थचेच. पुढच्याच वर्षाअखेर तो संघ संपला. २०१३ नंतर कॉसवर्थही बाहेर पडली. आणि २०१० साली आलेल्या तीन नव्या संघांपैकी शेवटचाही २०१७ च्या प्रारंभी मिटला.

कॉसवर्थ बाहेर पडली, कारण २०१४ पासून नियम पुन्हा बदलावयाचे होते. १.६ लिटरचे टर्बो एंजिन, त्याला जोडून ब्रेकच्या व निकास-वायूच्या शक्तीपासून वीज करणारी दोन यंत्रे, आणि संपूर्ण शर्यतीला केवळ शंभर किलो इंधन. या नियमामागील उद्देशही उदात्त होता : कमी इंधनात अधिक काम. आणि तो सफलही झाला. आपले एंजिन इंधनातील पन्नास टक्क्यांहून अधिक शक्ती कामात आणते, असे मर्सिडीजने २०१७ साली चाचणीच्या आधारे जाहीर केले. पण असे एंजिन करणे केवळ एंजिन विकून पोट भरणाऱ्याच्या आवाक्यात राहिले नाही. २०१४ साली तीनच पुरवठादार उरले : मर्सिडीज, फेरारी आणि रेनॉ. तिघांचेही मूळ दुकान दुसरीकडे. त्या वर्षीच्या १९ शर्यतींपैकी १६ मर्सिडीज संघाने जिंकल्या.

याचा परिणाम २०१५ साली सर्वांसमोर आला. चार वेळा अजिंक्य ठरलेल्या रेड बुल संघाचे रेनॉशी बिनसले. तो मर्सिडीजकडे गेला, फेरारीकडे गेला. बरोबरीचे एंजिन द्यावयास कोणीही तयार झाले नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? शेजाऱ्याच्या वाड्यात विहीर आणि त्या शेजाऱ्याशीच आपला दावा, अशी ही स्थिती. तो पाणी देत नाही म्हणून त्याला दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण गावची एकुलती विहीर वाड्याच्या आत गेली कशी, हा खरा प्रश्न आहे. त्याच वर्षी महासंघाने एंजिनाच्या विक्रीच्या किमतीवर मर्यादा घालण्याचा ठराव मांडला. फेरारीने करारान्वये आपल्याकडे असलेला नकाराधिकार वापरून तो अडविला. नंतर एखाद्या स्वतंत्र पुरवठादाराकडून साधे पर्यायी एंजिन घ्यावे, ही कल्पना निघाली. तीही संबंधितांच्या मंडळाने फेटाळली. शेवटी २०१६ साली ठरले ते असे की, कोणी संघ एंजिनाविना राहिलाच, तर सर्वांत कमी संघांना पुरविणाऱ्या कारखानदाराने त्याला ते दिलेच पाहिजे.

येथवर झाली ती कथा. आता तत्त्वाकडे येऊ. या साऱ्यावर तीन आक्षेप संभवतात, आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की, नियम करणाऱ्याने तोंडे पाहावीत काय? आज लहान एंजिनवाल्यासाठी नियम वाकविला, तर उद्या आणखी कोणासाठी वाकवावा लागेल. कौटिलीय अर्थशास्त्रात वजनेमापे पाहणाऱ्या पौतवाध्यक्षाने मापे लोखंडाची, किंवा ठरावीक दगडाची, अशी करावीत की ती ओलीने वा उष्णतेने वाढू-घटू नयेत, असे सांगितले आहे. उलटपक्षी ॲरिस्टॉटलने, लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची लवचीक मोजपट्टी वापरीत आणि ती दगडाच्या आकाराप्रमाणे वळे, तिचा दृष्टान्त देऊन, सामान्य नियम जेथे अपुरा पडतो तेथे न्यायाने असेच वळले पाहिजे असे प्रतिपादन केले. एकाला लोखंडी माप हवे, दुसऱ्याला शिशाचे. मला वाटते, हा विरोध वाटतो तितका खरा नाही. दोन्ही मापांची वेळ निराळी आहे. नियम लावताना माप लोखंडाचेच असावे. तोरो रोसोच्या सवलतीचे काय झाले ते आपण पाहिलेच. पण नियम घडविताना मात्र, तो ज्या ज्या दगडावर टेकणार आहे त्या प्रत्येकाचा खडबडीतपणा हाताने चाचपून पाहिला पाहिजे. लिहिताना माणसे पाहावीत म्हणजे लावताना ती पाहावी लागत नाहीत. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते : लिहिताना डोळे मिटलेले आणि लावताना एक डोळा किलकिला.

दुसरा आक्षेप प्रगतीचा. लहान कारागिराला झेपेल तेवढेच करावयाचे ठरविले, तर रेनॉची किटली कधी उकळलीच नसती. हे खरे आहे. उत्कर्ष हेही एक मूल्य आहे, आणि समतेच्या नावाखाली त्याचा बळी देणे हा अन्यायच होय. परंतु उत्कर्षाचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे नाहीसा होत नाही. १९७७ च्या आणि २०१४ च्या नियमांत एक सूक्ष्म पण निर्णायक भेद आहे. १९७७ साली टर्बोची वाट मोकळी होती, सक्तीची नव्हती. रेनॉने आपल्या पैशाने आपले धाडस केले, आणि कॉसवर्थवाले आपल्या वाटेने पुढेही अनेक शर्यती जिंकत राहिले. २०१४ साली मात्र ती एकच वाट उरली. प्रगती करण्याची मुभा देणे वेगळे, आणि बलवानाच्या प्रगतीची सर्वांवर सक्ती करणे वेगळे. पहिल्यात दुर्बल कदाचित हरतो. दुसऱ्यात त्याला मैदानातच येता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे. कोणी म्हणेल, स्वतंत्र पुरवठादार गेला म्हणून काय बिघडले? २००९ साली ब्रॉन या संघाने मर्सिडीजचे एंजिन विकत घेऊनच अजिंक्यपद मिळविले. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी मॅक्लारेनने मर्सिडीजचेच एंजिन वापरून खुद्द मर्सिडीजला मागे टाकले. प्रतिस्पर्ध्याच्या विहिरीचे पाणी पिऊनही त्याला हरविता येते, हे सिद्ध झाले नाही काय? झाले, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ते कशामुळे झाले हेही पाहिले पाहिजे. २०१८ साली महासंघाने बजावले की, कारखानदाराने गिऱ्हाइकाला द्यावयाचे एंजिन, आणि ते चालविण्याच्या पद्धतीही, स्वतःच्या संघाप्रमाणेच असल्या पाहिजेत. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली, आणि २०२३ पासून एंजिनांच्या खर्चावरही. म्हणजे विहिरीवर पहारा बसला, आणि मगच पाणी सारखे मिळू लागले.

पहारा ही वाईट गोष्ट नव्हे. तरीही पहाऱ्याने मिळणारा न्याय आणि स्थितीतून सहज उगवणारा न्याय यांत अंतर आहेच. कॉसवर्थने टिरेलला आणि लोटसला सारखे एंजिन द्यावे म्हणून कोणाला फर्मान काढावे लागले नव्हते. पहारेकरी दमतो, बदलतो, कधी त्याला जेवावयास बोलाविले जाते. शिवाय ज्याचे मूळ दुकान दुसरीकडे आहे तो केव्हाही उठून जाऊ शकतो. होंडाने २००८ अखेर असेच अंग काढून घेतले होते. रेनॉने २०२५ च्या हंगामानंतर आपले एंजिन बनविणे थांबविले, आणि त्याच घराण्याच्या आल्पीन संघाला २०२६ साठी मर्सिडीजच्या दारी जावे लागले. एके काळी जो किटली घेऊन क्रांती करावयास आला तोच आज गिऱ्हाईक झाला. स्वतंत्र कारागीर मात्र गिऱ्हाईक असेतो दुकान बंद करीत नाही. कारण त्याला जावयास दुसरे घर नसते. आपण ज्याला निष्ठा म्हणतो तिचाही पुष्कळ भाग असा निरुपायातून आलेला असतो, आणि त्याने तिची किंमत कमी होत नाही.

मग नियम करणाराने करावे काय? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली एक कसोटी सुचविली : समाजात आपण कोणत्या जागी जन्मणार आहोत हे ठाऊक नाही असे समजून नियम ठरवावेत. या शर्यतींत मात्र नियमाच्या मसुद्यावर चर्चा करावयास जे बसतात त्यांना आपण कोण आहोत हे पक्के ठाऊक असते, आणि ज्याने अद्याप कारखानाच काढलेला नाही तो मनुष्य त्या टेबलाशी नसतो. आपल्या कचेऱ्यांतही एखाद्या धंद्याचे नियम करावयाचे झाले म्हणजे त्या धंद्यातील स्थिरावलेल्या मंडळींना बोलावून त्यांचे मत घेतले जाते. ते योग्यच आहे. परंतु उद्या जो येणार आहे त्याचे मत तेथे कोण मांडणार? त्याला संघटना नाही, त्याचा पत्ता नाही, त्याचे पत्र दप्तरी दाखल नाही. त्याची बाजू मांडणारा एकच मनुष्य त्या खोलीत असू शकतो, आणि तो म्हणजे नियम लिहिणारा अधिकारी.

म्हणून प्रत्येक नियमाच्या मसुद्याखाली, त्याच्या उद्देशाइतक्याच स्पष्ट अक्षरांत, आणखी तीन ओळी असाव्यात असे मला वाटते. हा नियम पाळण्याची किंमत किती? ती कोणाला भरून काढता येईल आणि कोणाला येणार नाही? आणि ज्याला येणार नाही तो बाहेर पडल्यावर उरलेल्यांचा एकमेकांवर, किंवा त्यांचा आपल्यावर, किती जोर चालेल? या तिसऱ्या ओळीचा विसर पडतो, आणि तोच सर्वांत महाग पडतो. तीन-चार बडे पुरवठादार उरले म्हणजे नियम करणाराच त्यांचा ओशाळा होतो. 'आम्ही निघून जाऊ' एवढे तीन शब्द त्यांनी उच्चारले की मसुदा बदलतो. ज्या नियमावलीने लहानांना बाहेर घालविले, तिनेच आपल्या कर्त्याचे स्वातंत्र्यही गहाण टाकलेले असते.

निविदेच्या अटींत 'मागील तीन वर्षांची उलाढाल अमुक कोटी' असे एक वाक्य असते. ते सर्वांना सारखे असते. ते लिहिणाऱ्याच्या मनात कोणाविषयी आकस नसतो. काम चांगले व्हावे एवढीच त्याची इच्छा असते, आणि पुष्कळदा ते वाक्य आवश्यकही असते. पण त्या वाक्याच्या पलीकडे कोठे तरी एखादा डकवर्थ आपल्या लहानशा कारखान्यात उभा असतो, आणि त्याला ते वाक्य ओलांडता येत नाही. तो आत आला असता तर काय झाले असते, हे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही; कारण जे घडले नाही त्याची फाइल नसते. न घडलेल्या गोष्टींची ही जबाबदारी कोणी आपल्यावर टाकीत नाही, म्हणूनच ती आपण होऊन उचलावी लागते.